नंदीबैलाची मान

रोहिणी नक्षत्र कोरडे जाऊ लागले आणि शेतकऱ्याची दृष्टी आभाळाकडे लागली, की नांदेड-लातूरकडील खेड्यांच्या वाटांवर गुबुगुबूचा आवाज ऐकू यावयाचा, हा पिढ्यान् पिढ्यांचा परिपाठ होता. आजही तो आवाज अगदीच लोपलेला नाही. पाठीवर रंगीबेरंगी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात कवड्यांची आणि घुंगरांची माळ अशा थाटात सजविलेला बैल अंगणात येऊन उभा राहतो. धनी त्याला विचारतो, 'सांग रे महादेवा, यंदा पाऊस पडेल काय?' बैल मान हलवितो. 'ह्या घरच्या लेकीचे लग्न होईल काय?' बैल पुन्हा मान हलवितो. घरातील म्हातारी सुपातून जोंधळे आणून झोळीत ओतते, बैलाच्या पायांवर पाणी घालते आणि निश्चिंत मनाने आत जाते.

ह्या दृश्यातून मराठी भाषेने एक वाक्प्रचार उचलला आहे. स्वतःचा विचार न करता दुसऱ्याच्या म्हणण्याला होकार भरणाऱ्या माणसास 'नंदीबैलासारखी मान डोलावणारा' असे म्हणतात. म्हणजे एकाच बैलाविषयी एकाच गावात दोन निवाडे झालेले आहेत. अंगणातील म्हातारीच्या मते बैलाला उद्याचे कळते. पारावरच्या शहाण्याच्या मते त्याला काहीच कळत नाही. मौजेची गोष्ट अशी की, ह्या दोन्ही निवाड्यांत बैलाकडे नीट पाहण्याचे श्रम कोणीच घेतलेले नाहीत. पशूंच्या वर्तनाचा अर्थ लावण्याचा मानवाचा इतिहास हा पुष्कळ अंशी ह्या दोन निवाड्यांमध्ये हेलकावे खाणारा इतिहास होय.

असाच एक प्रसंग विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत बर्लिन शहरी घडला. फॉन ओस्टेन नावाच्या एका वृद्ध शिक्षकाने आपल्या हान्स नावाच्या घोड्यास गणित शिकविले होते. बेरीज-वजाबाकीचा प्रश्न घातला की घोडा खुराने तितके ठोके देई आणि बरोबर त्या आकड्यावर थांबे. लबाडीचा संशय घेऊन १९०४ साली पंडितांचे एक मंडळ नेमण्यात आले. त्यास लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट ह्या तरुण अभ्यासकाने युक्तीने परीक्षा घेतली. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणारासच ठाऊक नाही असा प्रश्न घातला, की घोडा चुके; विचारणारा दृष्टीआड असला, तरीही चुके. फुंग्स्टने मग घोड्याऐवजी माणसांकडे पाहण्यास आरंभ केला. तेव्हा असे दिसून आले की, ठोक्यांची संख्या योग्य आकड्यास पोचताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई. ती हालचाल घोडा टिपीत असे. १९०७ साली फुंग्स्टने हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि हान्सची कीर्ती एका दिवसात ओसरली.

वस्तुतः ती ओसरावयास नको होती. माणसालाही न जाणवणारी माणसाची हालचाल जो प्राणी टिपू शकतो, त्याची अवलोकनशक्ती सामान्य नव्हे. नंदीबैलाचेही तसेच आहे. धन्याच्या आवाजाचा चढउतार, कासऱ्याचा हलका ओढा, वाद्याचा बदललेला ताल ह्यांतून बैल आपल्या धन्यास वाचीत असतो. पावसाचे ज्ञान त्याला नाही. परंतु माणसाचे ज्ञान त्याला आहे. म्हातारीने त्याच्या ठिकाणी नसलेली बुद्धी पाहिली, शहाण्याने असलेली बुद्धी पाहिली नाही. दोघांची चूक एकाच मुळातून उगवली आहे: दोघांनीही बैलाची बुद्धी माणसाच्या मापाने मोजली.

मग माणसाला हे माप लावण्याची सवय लागली कोठून? ह्याचे उत्तर शोधावयाचे तर मराठवाड्यातील नद्यांच्या पात्रांकडे वळले पाहिजे. बालाघाटाच्या डोंगरात पाटोदे तालुक्यात उगम पावणारी मांजरा लातूर जिल्ह्यातून बीदरकडे उतरते आणि मोठा वळसा घेऊन नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कुंडलवाडीच्या परिसरात गोदावरीस मिळते. उन्हाळ्यात जिचे वाळवंट पायाला चटके देते, त्याच ह्या नदीच्या काठच्या थरांतून पाणघोड्यांची आणि हत्तींची अश्मीभूत हाडे निघाली आहेत. लातूर जिल्ह्यातील हरवाडी येथील अशा अवशेषांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विजय साठे यांनी केला. पाणघोडा हा बारमाही खोल पाण्याचा प्राणी. जेथे २०१६ साली पिण्याचे पाणी आगगाडीने आणावे लागले, त्याच मुलखात एके काळी पाणघोडे डुंबत होते, ही कल्पनाही आज अद्भुत वाटते.

त्या काळी येथे मनुष्य होता काय? ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर गोदावरीने दिले. १८६५ च्या सुमारास भूस्तरशास्त्र खात्यातील विन नावाच्या अधिकाऱ्यास पैठणच्या समोर मुंगी येथे, प्राचीन प्राण्यांची हाडे ज्या थरात सापडत त्याच गोदावरीच्या जुन्या वाळूगोट्यांत, अकीकाची एक कपची मिळाली. ती माणसाच्या हातची होती. हाडे आणि हत्यार एकाच थरात सापडणे ह्याचा अर्थ उघड होता. नदीकाठी जनावरे पाण्यावर येत आणि त्यांच्या मागावर मनुष्यही येई. प्रत्यक्ष त्या प्राचीन मानवाचे हाड मात्र दक्षिणेत मिळाले नाही. ते ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना नर्मदेकाठी हथनोरा येथे कवटीच्या रूपाने गवसले.

अशा मानवाच्या जीवनाची कल्पना करून पाहावी. त्याच्यापाशी वाघाचे दात नाहीत, हरणाचे पाय नाहीत, घारीचे डोळे नाहीत. चिखलात उमटलेला खूर ताजा की शिळा, कळप बुजला आहे की निर्धास्त आहे, जखमी जनावर पाण्याकडे जाईल की झाडीत शिरेल, हे ओळखण्यावर त्याचे जेवण आणि प्राण दोन्ही अवलंबून होते. न दिसणाऱ्या प्राण्याच्या मनात शिरून त्याची पुढची चाल ताडणे, हीच त्याची मोठी शक्ती. मागमूस काढणे ही विज्ञानाची पहिली पायरी होय, असे आफ्रिकेच्या दक्षिण भागातील माग काढणाऱ्या शिकाऱ्यांबरोबर राहून लुई लीबेनबर्ग यांनी १९९० साली प्रतिपादन केले, ते ह्याच कारणाने. ठशावरून जनावर, जनावरावरून त्याची अवस्था आणि अवस्थेवरून पुढील हालचाल, ही अनुमानाची साखळी आणि शास्त्रज्ञाची उपपत्ती ह्यांत जातीचा भेद नाही.

ह्याला दुसरीही एक बाजू आहे. चिंपांझीच्या मेंदूचे आकारमान सुमारे ४०० घन सेंटिमीटर भरते, आजच्या माणसाचे सुमारे १३५०. हा अवयव वजनाने शरीराचा पन्नासावा भाग, पण शरीराच्या एकूण शक्तीपैकी सुमारे पाचवा हिस्सा तोच खाऊन टाकतो. इतका खर्चिक अवयव निसर्गाने कशासाठी पोसला? पूर्वी ह्याचे उत्तर हत्यारे असे देत. १९६६ साली ॲलिसन जॉली यांनी मादागास्करातील लेमुरांच्या अभ्यासावरून आणि १९७६ साली निकोलस हम्फ्री यांनी स्वतंत्र विवेचनाने निराळे उत्तर सुचविले. दगड कपटी नसतो, सोबती कपटी असू शकतो. म्हणून बुद्धीला धार आली ती दगडावर घासून नव्हे, तर कळपातील सोबत्यांशी वागता वागता आली. कोण रुसला, कोण कोणाच्या बाजूचा, कोण उपकार विसरणारा, हे सदैव ताडीत राहिल्याने दुसऱ्याचे मन वाचण्याची शक्ती वाढली. ह्या दोन मतांतील वाद अद्याप संपलेला नाही. परंतु दोहोंतून एक गोष्ट निष्पन्न होते. मानवाची बुद्धी ही मुख्यतः दुसऱ्याच्या ठिकाणी मन कल्पिणारी बुद्धी आहे. आणि जी शक्ती सोबत्यांसाठी घडली, ती सहजच बैलाला, वानराला, वेळप्रसंगी ढगालाही लावली जाते. माणसाचे सामर्थ्य आणि माणसाची फसगत ही एकाच आईची लेकरे होत.

ह्या सामर्थ्याचे उत्तम नमुने महाराष्ट्रात अलीकडेपर्यंत हिंडत होते. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तीन भटक्या समाजांच्या शिकारीच्या पद्धती नोंदविल्या आहेत. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड ह्यांच्या मागे जात. वैदू सापळ्यांनी मुंगूस, रानमांजर यांसारखे लहान शिकारी प्राणी धरीत. आणि फासेपारधी फासे लावून काळवीट व पक्षी पकडीत. पारध्याची युक्ती विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. उघड्या माळावर काळविटास माणूस दुरूनही दिसतो आणि तो उधळतो. पण चरणाऱ्या गाईची त्यास भीती वाटत नाही. म्हणून पारधी शिकविलेल्या गाईच्या आड दडून पावलापावलाने कळपाजवळ सरके. ह्या एका युक्तीत काळविटास काय दिसते, कशाचे भय वाटते आणि कशाचे वाटत नाही, ह्याचे केवढे सूक्ष्म ज्ञान साठविलेले आहे! प्राण्याच्या डोळ्यांनी जग पाहणे म्हणजे काय, हे त्या अक्षरशत्रू पारध्याला पक्के ठाऊक होते.

त्याच पारध्याकडे राज्यकर्त्यांनी कसे पाहिले? १८७१ साली इंग्रजांनी केलेल्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारण्याची सोय झाली, आणि पारध्यांच्या कपाळीही तो शिक्का आला. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली गेला. लोकांच्या मनातील शिक्का इतक्या सहज पुसला गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, आणि ते योग्यच झाले. पण शिकारीबरोबर ते ज्ञानही अडगळीत पडले. प्राण्यांविषयी जी चूक माणूस करतो, तीच तो माणसांविषयीही करतो. बाह्य वर्तनाचा एक तुकडा पाहावयाचा आणि त्यावरून आतला स्वभाव कायमचा ठरवून टाकावयाचा.

शेतकऱ्याचे ज्ञान ह्याहून निराळ्या जातीचे आहे. शिकारी प्राण्याला क्षणभर वाचतो, शेतकरी जन्मभर वाचतो. लातूर जिल्ह्यातील देवणी आणि नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी ही गोवंशाची दोन नामांकित वाणे ह्याच वाचनातून घडली. देवणीत अंगाने पांढरा तो बालंक्या, ठिपक्याठिपक्यांचा तो शेवरा आणि पांढऱ्या अंगावर काळे तोंड असलेला तो वानेरा. हे तिसरे नाव ऐकताच काळतोंड्या वानराची आठवण व्हावी. उदगीरकडील हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा मार्गशीर्ष वद्यात भरणाऱ्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जाणता गिऱ्हाईक बैलाचे दात पाहतो, तो आदत आहे की दोनदाती, चारदाती आहे की जुळलेला, हे ठरवितो. पण तेवढ्यावर व्यवहार करीत नाही. तो बैलाला चालवून पाहतो, पाठीवर अवचित हात ठेवतो, मागून जवळ जातो, डोळ्यांत पाहतो. मारका, बुजरा, आळशी, मानी अशी विशेषणे तो लावतो. ही विशेषणे माणसाची खरी. परंतु त्यांची परीक्षा दुसऱ्या दिवशी नांगराला जुंपताच होते. चुकीचा अर्थ लावला तर शिंग पोटात बसते किंवा पैसे बुडतात. शेतकऱ्याच्या पशुज्ञानाला ही रोजची कसोटी असल्यामुळेच ते पुष्कळ अंशी खरे ठरले आहे.

जेथे ही कसोटी नाही तेथे कल्पनेला मोकळे रान मिळते. ह्याच मराठवाड्यात पैठणास सातवाहनांच्या राजसभेत गुणाढ्य होऊन गेला, अशी कथा आहे. त्याने पैशाची भाषेत रचिलेली बृहत्कथा राजाने नाकारली, तेव्हा तो रानात जाऊन एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवू लागला आणि वाचलेले पान अग्नीत टाकू लागला. प्राणी चरणे विसरले, डोळ्यांत आसवे आणून ऐकत उभे राहिले. त्याच पैठणास ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदविले, ही कथा तर मराठी मुलाला आजीच्या मांडीवरच कळते. ह्या कथांतील पशू हे पशूंविषयी काही सांगण्यासाठी आलेलेच नाहीत. राजाला कळले नाही ते हरणांना कळले, पंडितांना मान्य नव्हते ते रेड्याने सिद्ध केले. रोख सगळा माणसांवर आहे. नीती म्हणून ह्या कथा थोर आहेत. त्यांना प्राणिशास्त्र समजण्याची चूक त्या रचणाऱ्यांनी केली नव्हती. ती पुढच्यांनी केली. निरीक्षणाची परंपराही ह्या देशात होतीच. तेराव्या शतकातील हंसदेव ह्या जैन पंडिताने मृगपक्षिशास्त्र हा संस्कृत ग्रंथ रचून पशुपक्ष्यांचे प्रकार, वये आणि स्वभाव वर्णिले, आणि अरण्यऋषी म्हणून ओळखल्या गेलेल्या मारुती चितमपल्ली यांच्यामुळे तो मराठी वाचकांपर्यंत पोचला.

कल्पना आणि निरीक्षण ह्यांची गल्लत कशी होते, ह्याचा विसाव्या शतकातील सर्वांत बोधप्रद इतिहास काळतोंड्या वानरानेच लिहिला आहे. १९५८ पासून दोन वर्षे फिलिस जे ह्या अमेरिकन विदुषीने उत्तर व मध्य भारतात वानरांचा अभ्यास केला आणि त्यांचा समाज शांत, सहिष्णु आहे असे वर्णन केले. त्यानंतर लवकरच युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक, अवघ्या काही वर्षांपूर्वीपर्यंत मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या धारवाडच्या रानात काम करू लागले. १९६२ साली त्यांच्या दृष्टीस विलक्षण प्रकार पडला. बाहेरून आलेल्या नरांच्या टोळीने एका कळपातील मुख्य नरास हाकून लावले. मग त्यांतील एकाने कळपाचा ताबा घेतला आणि तेथील तान्ही पिल्ले चावून मारली. वानर म्हणजे प्रत्यक्ष मारुतीरायाचे कुळ. त्याच्या हातून बालहत्या! अनेक पंडितांनी ही विकृती ठरविली. माणसांच्या वस्तीमुळे झालेली गर्दी आणि त्यातून आलेला मनोविकार, असे निदान झाले.

ह्याच समजुतीने सारा हर्डी ह्या १९७१ साली अबूच्या पहाडावर आल्या. परंतु पाहता पाहता त्यांचे मत पालटले. जेथे गर्दी नाही तेथेही हे घडत होते. आणि बहुतेक वेळी कळपाची सत्ता पालटल्यावरच घडत होते. पिल्लू अंगावर पीत असेतो मादी पुन्हा गर्भ धरीत नाही, आणि नव्या नराची सत्ता फार वर्षे टिकणारी नसते. पूर्वीच्या नराचे पिल्लू नाहीसे झाले म्हणजे मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती वाढते. म्हणजे ह्या वर्तनात वेडही नव्हते आणि क्रौर्याचा हेतूही नव्हता. पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीने रुजलेली ती एक रीत होती. ह्यावर पुष्कळ वर्षे कडाक्याचा वाद झाला. अखेर १९९९ साली नेपाळातील रामनगर येथील वानरांच्या रक्तसंबंधाची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध झाली. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, असे तीत आढळले आणि हर्डीबाईंच्या उपपत्तीला बळ मिळाले. एकाच प्राण्याविषयी तीन निष्कर्ष निघाले: साधू, वेडा आणि आपल्या वंशाचा हिशेबी. तिसरा निष्कर्ष श्रेष्ठ ठरला तो त्याची तपासणी करण्याचा मार्ग उपलब्ध होता म्हणून.

हा सगळा इतिहास ज्ञात असताना २०२१ च्या डिसेंबरात लातूरलगतच्या बीड जिल्ह्यात काय घडले? माजलगाव तालुक्यातील लवूळ ह्या गावी वानर कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, घरांच्या माथ्यांवर नेत होते आणि त्यांतील पिल्ले मरत होती. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले, म्हणून वानरांनी सूड उगविला, अशी वार्ता उठली आणि बघता बघता जगभर गेली. मेलेल्या पिल्लांचा आकडा बातम्यांत अडीचशेवर पोचला. तो पुढे वादग्रस्त ठरला. अखेर वनखात्याच्या माणसांनी दोन वानरांना धरून नेले आणि प्रकरण थंडावले.

सूड ही गोष्ट सोपी नाही. तिला अपराध्याची ओळख हवी, अपराधाची आठवण हवी आणि एकाचा अपराध त्याच्या साऱ्या जातीवर लादण्याची अमूर्त कल्पना हवी. ही सारी सामग्री वानराच्या डोक्यात असल्याचे मानण्यापूर्वी साधे स्पष्टीकरण पुरते का, ते पाहणे प्राप्त होते. लॉइड मॉर्गन ह्या इंग्रज पंडिताने १८९४ साली घालून दिलेला दंडक हाच. वानरांच्या कळपात दुसऱ्याची पिल्ले उचलून कवटाळण्याची, मिरविण्याची सवय प्रसिद्ध आहे. वानराचे पिल्लू आईच्या केसांना मुठींनी घट्ट धरून राहते. कुत्र्याच्या पिल्लाला मूठच नाही. ते उंचावरून खाली पडणार, आणि पडले नाही तर दुधावाचून झुरणार. पिल्लाचा मृत्यू दोन्ही गोष्टींत सारखाच. परंतु एका अर्थाने वानर मारेकरी ठरतो, दुसऱ्या अर्थाने अडाणी दाई. लवूळच्या वानरांच्या बाबतीत ह्यांतील कोणता अर्थ खरा, हे सावकाश पाहूनच ठरावयाचे होते. पण सुडाची कथा पाहण्यापेक्षा अधिक वेगाने धावली. शेतात आणि अंगणात वानरांचा जाच सोसणाऱ्या गावकऱ्यांची तक्रार खरीच होती. तक्रार खरी असली म्हणजे तिचा लावलेला अर्थही खरा असतो असे मात्र नाही.

कधी कधी तर ह्या अर्थावर माणसांचे प्राण टांगलेले असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली आणि सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. अशा प्रत्येक आपत्तीनंतर जगात सर्वत्र एक प्रश्न उठतो: मुक्या जनावरांना हे आधी कळले होते काय? रात्री कुत्री रडली, गुरांनी दावी ओढली, अशा आठवणी निघतात आणि आठवणी सांगणारे खोटे बोलत नसतात. परंतु ती रात्र गणेशविसर्जनाची होती. ढोलताशांनी आणि जागरणाने जनावरे बिथरण्यास तेवढे कारणही पुरे होते. कुत्री ज्या रात्री रडतात आणि काहीच होत नाही, त्या रात्री कोणाच्या स्मरणात राहतात? चीनमध्ये १९७५ साली हायचंग शहर भूकंपापूर्वी रिकामे करण्यात आले, त्याचे श्रेय पुष्कळांनी प्राण्यांना दिले. पण आधी बसणाऱ्या लहान धक्क्यांचा त्यात मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी तांगशान येथे लक्षावधी माणसे कोणतीही पूर्वसूचना न मिळता गाडली गेली. किल्लारीसही १९९२ च्या पावसाळ्यापासून जमीन हादरत होती. कुत्र्याच्या रडण्यापेक्षा त्या हादऱ्यांचा आणि भिंतींच्या बांधणीचा विचार अधिक मोलाचा होता.

मग पशूंच्या मनाचा विचार करूच नये काय? तसेही नाही. तो कसा करावा ह्याचा एक सुंदर धडा पुण्यात मिळाला. तारेवरून झेप घेऊन हवेत माशी टिपणारा आणि फिरून त्याच तारेवर येऊन बसणारा हिरवा पक्षी सर्वांच्या परिचयाचा आहे. मराठी माणसाने त्याचे नाव वेडा राघू असे ठेवले. हा पक्षी मातीच्या दरडीत बीळ करून घरटे करतो, आणि जवळ माणूस असला म्हणजे चोचीत भक्ष्य असूनही बिळात शिरण्याचे टाळतो. गरवारे महाविद्यालयातील मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे पाहिले आणि एक साधा प्रश्न विचारला: राघू माणसाला भितो, की माणसास घरटे दिसेल ह्याला भितो? त्यांनी घरट्यापासून सारख्याच अंतरावर दोन जागा निवडल्या. एका जागेवरून बिळाचे तोंड दिसे, दुसरीवरून आड येणाऱ्या वस्तूमुळे दिसत नसे. माणूस पहिल्या जागी उभा असता राघू घरट्यात जाण्यास कचरत. दुसऱ्या जागी असता त्या मानाने अधिक वेळा जात. अंतर तेच, माणूस तोच. फरक एवढाच की माणसास काय दिसत आहे. १९९९ आणि २००२ साली हे काम प्रसिद्ध झाले. एवढ्यावरून राघूला माणसाचे मन कळते असे सिद्ध होत नाही; पण दुसऱ्याच्या डोळ्यांना कोठून काय दिसते ह्याची दखल तो घेतो, इतके मान्य करणे भाग पडते. गाईआडच्या पारध्याने काळविटाविषयी जे ताडले होते, तेच हा चिमुकला पक्षी माणसाविषयी ताडीत होता. आणि त्याला वेडा कोण म्हणत होते? ज्याने त्याची परीक्षा घेतली नव्हती तो.

ह्या प्रयोगास मोठी यंत्रे लागली नाहीत. एक दरड, दोन जागा, एक वही आणि आपले म्हणणे खोटे ठरू देण्याची तयारी, एवढेच साहित्य लागले. मांजरेकाठच्या शिकाऱ्यापाशीही हीच तयारी होती, कारण ठशाचा अर्थ चुकला तर त्या रात्री त्याची मुले उपाशी निजत. हाळीच्या बाजारातील शेतकऱ्यापाशी ती आहे. दुसऱ्याच्या ठायी मन कल्पिणे ही मानवी बुद्धीची पहिली झेप. आणि आपण कल्पिलेले खरे आहे काय, असे स्वतःलाच विचारणे ही दुसरी. पहिली झेप निसर्गाने लाखो वर्षांत घेवविली. दुसरी प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागते.

पुढल्या रोहिण्यांत एखादा नंदीबैल अंगणात आला, तर म्हातारीने त्याला जोंधळे अवश्य घालावेत. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, ही रीत चांगलीच आहे. पण घरातल्या मुलांनी त्या वेळी बैलाच्या मानेकडे न पाहता त्याच्या डोळ्यांकडे पाहावे. ते डोळे आभाळाकडे लागलेले नसतात. ते धन्याच्या हाताकडे लागलेले असतात.